तिसऱ्या तुकड्यावरची रेघ

भाऊ,

तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला विहाराचा हॉल भरून बाहेर जिन्यापर्यंत माणसं उभी होती. काळाचौकीतले शेजारी, लॅबमधले जुने-नवे, कोकणातून रात्रीच्या गाडीने आलेले तुमचे दोन चुलतभाऊ. वंदना झाली आणि एकेक जण बोलायला उठला. तुमच्या प्रज्ञाने माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर गेलो आणि म्हणालो, "पस्तीस वर्षांत भाऊंच्या हातून एकही नॉच चुकला नाही." मागून कोणीतरी "खरंय" म्हणालं. मी जागेवर येऊन बसलो, पण उठून निघून जावंसं वाटत होतं.

त्या हॉलमध्ये मला एकट्यालाच माहीत होतं की तुमचा एक नॉच चुकला होता असं सही-शिक्क्यानिशी सांगणारा एक कागद आहे. तो मी लिहिला आहे आणि तो खोटा आहे.

निघताना प्रज्ञाने मला दारात गाठलं. "काका, तुमचं ते वाक्य मला लिहून द्या ना. बाबांच्या वाढदिवसाला छोटी स्मरणिका काढतेय. पहिल्या पानावर तेच घालते. खाली तुमचं नाव आणि हुद्दा."

"हुद्दा कशाला?"

"असू दे. बाबांना आवडलं असतं. साहेबांनी लिहून दिलंय म्हणून."

मी "देतो" म्हणालो. ते वाक्य मी दिलेलं नाही. त्याऐवजी हे लिहितो आहे, आणि ते तुम्हालाच लिहिणं भाग आहे. जे आहे ते तुमच्या-माझ्यातलं आहे.

स्मरणिका वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपण लालबागच्या त्या गाळ्यात दिवसभर काय करायचो ते ठाऊक नसेल. तुमच्या शेजारच्या काकू सगळ्यांना सांगायच्या, मोहिते लोखंड मोडायच्या ऑफिसात आहेत. तुम्ही त्यांना कधी दुरुस्त केलं नाहीत, कारण ते बरोबरच होतं. पूल, क्रेन, टाक्या बांधणारे लोक त्यांच्या पोलादाचे आणि वेल्डचे तुकडे आपल्याकडे पाठवायचे आणि आपण ते मोडून किती चिवट आहेत ते सांगायचो. तेव्हा तुम्हाला पाठ असलेलं थोडं पुन्हा सांगतो. कंटाळू नका.

बोटाएवढा चौकोनी तुकडा घ्यायचा. मधोमध व्ही आकाराची खाच कापायची, तिला आपण नॉच म्हणायचो. तुकडा थंडगार द्रवात बुडवून ठेवायचा, चिमट्याने काढून पाच सेकंदांच्या आत मशीनवर ठेवायचा आणि वरून भला मोठा हातोडा लंबकासारखा सोडायचा. मोडताना तुकड्याने हातोड्याची किती ताकद खाल्ली ते तबकडीवरच्या काट्याने जूलमध्ये कळायचं. काटा जास्त तर पोलाद चिवट, कमी तर ठिसूळ. ही झाली चार्पी. दुसरी परीक्षा सीटीओडी. तिच्यात प्लेटच्या पूर्ण जाडीचा तुकडा घ्यायचा, त्याला हजारो हलके हिसके देऊन आधी खराखुरा बारीक तडा पाडायचा आणि मग सावकाश वाकवत न्यायचं. तडा धावत सुटण्यापूर्वी त्याचं टोक किती उघडतं ते मोजायचं. पहिली तासाभराची आणि स्वस्त, दुसरी कित्येक दिवसांची आणि महाग. म्हणून जगभर लोक पहिलीच्या आकड्यावरून दुसरीचा आकडा काढायची सूत्रं शोधत असतात. मलाही त्या सूत्रांचं वेड होतं. तुम्हाला ती आवडायची नाहीत. तुमचं आणि माझं भांडण तेवढंच होतं, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं ते गोड होतं.

मी आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, तुम्ही एकोणचाळीसचे. पहिल्याच दिवशी माझ्या चिमट्यातून तुकडा निसटला आणि बुटावर पडला. माझा चेहरा पाहून तुम्ही म्हणालात, "घाबरू नको रे इंजिनेर. ते पोलाद आहे, त्याला काय होत नाही. तुला लागलं काय?" मग माझं मनगट धरून तुम्ही मला पाच सेकंद शिकवले. घड्याळात बघायचं नाही, तोंडाने मोजायचं नाही, श्वास सोडता सोडता तुकडा ठेवून हात मागे घ्यायचा. अजून तसंच करतो. नवीन मुलांना तसंच शिकवतो आणि हे कोणाचं ते सांगत नाही.

जेवायला आपण एकत्र बसायचो. माझ्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, तुमच्या डब्यात भाकरी आणि जवळा. आठवडाभर मी वास सोसत बसलो होतो. मग तुम्ही भाकरीच्या तुकड्यावर चिमूटभर जवळा ठेवून माझ्यापुढे केलात. "खाऊन बघ. घरी सांगू नको, आई आंघोळ घालेल." मी खाल्ला. दुसऱ्या दिवशी मीच डबा पुढे सरकवला आणि तुम्ही हसून म्हणालात, "गेला हा. शिवाजी पार्काचा पोरगा गेला."

चहाला मी सूत्रं काढायचो. कागदावर रेषा मारून दाखवायचो की बघा, एवढ्या जूलला एवढा चिवटपणा येतो. तुम्ही कागद उलटा करून त्यावर चहाचा ग्लास ठेवायचात.

"अरे, तुझी खाच बोथट, खरा तडा ब्लेडसारखा. तुझा तुकडा बोटाएवढा, पुलाची प्लेट हाताच्या रुंदीची. तू एका दणक्यात मोडणार, पुलावर लोड येतो सावकाश. तिन्ही गोष्टी वेगळ्या आणि आकडा एकावरून दुसरा?"

"म्हणून तर सूत्रात जाडीची दुरुस्ती असते भाऊ. वेगाचीही असते."

"आणि वेल्डची? वेल्ड म्हणजे एक पोलाद नाही. तीन-चार पोलादं शेजारी शेजारी नांदतात. तू कोणाला विचारतोयस ते तर बघ आधी. दारात उभं राहून घरातल्या माणसांचा अंदाज घेता येतो रे, नाही म्हणत नाही मी. पण दार कोणी उघडलं त्यावर असतं सगळं."

मी म्हणायचो, दहा वेळा दार वाजवलं की कळतं. तुम्ही म्हणायचात, वाजव ना मग दहा वेळा, तू तर तीनदा वाजवतोस. भांडण तिथेच राहायचं आणि आपण उठायचो.

मग त्या पुलाचं काम आलं. आठ वर्षं झाली त्याला. हिमाचलातल्या एका खोऱ्यातला गाड्यांचा पूल, गर्डर मुंबईजवळच्या एका कारखान्यात तयार झालेले. खालच्या पट्टीची प्लेट चाळीस मिलिमीटर जाड, तिच्यातला एक जोड वेल्डचा. तिथे हिवाळ्यात पारा उणे वीसच्या आसपास जातो, म्हणून पुलाच्या खात्याने त्या वेल्डची सीटीओडी मागितली होती. आपल्याकडे तेव्हा ते मशीन नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे महिन्यांची रांग. बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत गर्डर पोचवायचे होते. आपल्या लॅबच्या मालकांच्या केबिनमध्ये सगळे कपाळाला हात लावून बसले होते आणि मी म्हणालो, "चार्पी करू या. त्यावरून मी आकडा काढून देतो. मान्यता असलेलं सूत्र आहे, खातं घेईल." मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला फार आवडली, भाऊ. ते नाकारून उपयोग नाही.

वेल्डच्या अशा चाचणीत खाच कुठे पडते यालाच सगळा अर्थ असतो. वेल्डच्या काठालगत, जिथलं मूळ पोलाद वितळता वितळता राहिलं आणि नुसतं भाजून निघालं, तिथे एक अरुंद पट्टी असते. ठिसूळपणा लपलेला असेल तर तिथे. ती दिसावी म्हणून तुकडा घासून चकचकीत करायचा, आम्ल लावायचं, वेल्ड काळपट उठून दिसला की त्याच्या काठावर सुईने रेघ मारायची आणि त्या रेघेवर नॉच कापायचा. रेघ मारायचं काम त्या दिवशी मी घेतलं. घाईत होतो. पहिल्या दोन तुकड्यांवर आम्ल नीट उठायच्या आधीच रेघ मारून मोकळा झालो. तिसऱ्याच्या वेळी मला कारखान्याच्या माणसाचा फोन आला, म्हणून तिसऱ्यावरची रेघ तुम्ही मारलीत. तिन्ही नॉच तुम्ही कापलेत, जिथे रेघ तिथे, केसाएवढाही फरक नाही.

पहिला शहाण्णव. दुसरा अठ्ठ्याऐंशी. तिसरा एकवीस.

हातोडा परत झुलून थांबला. तुम्ही वाकून तिसऱ्याचे दोन अर्धे उचललेत आणि खिडकीशी नेलेत. मोडलेली बाजू दाणेदार चमकत होती, ठिसूळ मोडल्याची खूण. "साखर," तुम्ही म्हणालात. मग मला हळूच बाजूला घेतलंत. "सुहास, पहिल्या दोघांवरची रेघ वेल्डात गेलीय. तिसरी बरोबर काठावर आहे. आम्ल लावून बघ परत. दोन मिनिटांचं काम आहे."

"भाऊ, दोन चांगले आलेत. एकच वाईट आहे. सरासरी बघितली तर—"

"दोन पोरं पास झाली म्हणून तिसऱ्याच्या घरीपण पेढे घेऊन जाणार काय तू?"

सरासरीने काम भागणारही नव्हतं. एकही आकडा ठरलेल्या मर्यादेखाली नको, असा नियम होता आणि एकवीस त्याखाली होता. एकच वाट होती. तुकडा कापण्यातच दोष असेल तर त्याचा आकडा धरायचा नाही, त्याऐवजी दुसरा तुकडा मोडायचा. नियमात ती सोय आहे आणि ती प्रामाणिक माणसांसाठी आहे. तोवर येऊन बसलेला कारखान्याचा माणूस केबिनमधून विचारत होता, "साहेब, ट्रेलर भरायला घेऊ ना?"

मी राखीव तुकडा घेतला, त्यावर स्वतः रेघ मारली आणि तुमच्याकडे दिला. तुम्ही ती रेघ बराच वेळ पाहिलीत. "रेघ तुमची आहे ना साहेब?" मी हो म्हणालो. "मग कापतो."

नव्वद आला. शहाण्णव, अठ्ठ्याऐंशी, नव्वद. सरासरी एक्याण्णव. ती मी सूत्रात घातली, जाडीची दुरुस्ती केली आणि सीटीओडीचा छान आकडा निघाला. रिपोर्टात खालच्या बाजूला एक ओळ टाकली: 'नमुना क्र. ३: नॉच कापताना मशिनिंग दोष. मूल्य अग्राह्य.' सही केली. ट्रेलर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ऑफिस कॉपी घेऊन माझ्या टेबलाशी आलात. बसा म्हटलं तरी बसला नाहीत. "साहेब, माझा हात कुठे चुकला ते दाखवा. मला शिकायचंय."

अठ्ठावन्न वर्षांचे होतात तुम्ही. मी हसण्यावारी न्यायला बघितलं. "अहो भाऊ, ते नुसतं लिहायचं म्हणून लिहिलंय. फॉर्मवर काहीतरी कारण लागतं. मनावर कशाला घेता?"

"कारण लागतं. म्हणून माझा हात."

तुम्ही कागदाची नीट घडी घातलीत, तो माझ्या टेबलावर ठेवलात आणि गेलात. आवाज चढवला नाहीत. मालकांकडे गेला नाहीत. त्यानंतर एकांतातही मी तुमच्यासाठी 'साहेब' आणि 'तुम्ही' झालो. तुमचा डबा मशीनच्या मागच्या बाकावर उघडायला लागला. मी एकदा तिथे येऊन बसलो तर तुम्ही सरकून जागा दिलीत, पण जवळा पुढे केला नाहीत. मी मागितलाही नाही. मागायला हवा होता असं आता वाटतं, पण कोणत्या तोंडाने?

आणखी एक सांगायचं आहे आणि ते या सगळ्यात अवघड आहे. आम्लात दोष होता असं लिहिता आलं असतं. रेघेत दोष होता असं लिहिता आलं असतं, ते तर पहिल्या दोघांपुरतं खरंही होतं. तेव्हा माझा एखादा वर्गमित्र नॉच कापत असता तर मी त्याचा हात चुकला असं लिहिलं असतं का? नसतं. कारण शोधताना माझं पेन सरळ तुमच्याकडे गेलं. तिथे उत्तर मागायला कोणी येणार नाही, असं मी न विचारताच धरून चाललो होतो. हे नुसतं हुद्द्यामुळे होतं की तुमच्या-माझ्या घरांमध्ये जे पूर्वापार अंतर आहे त्यामुळे, हे मी स्वतःला इतकी वर्षं विचारलं नाही. आता विचारतो तेव्हा येणारं उत्तर मला आवडत नाही. पण येतं ते तेच.

दोन वर्षांनी तुम्ही निवृत्त झालात. शाल-श्रीफळ मी दिलं, भाषणही मी केलं. तुम्ही तीनच वाक्यं बोललात, त्यातलं एक मशीनला तेल वेळेवर घाला असं होतं.

त्यानंतर दर फेब्रुवारीत तुमचा फोन यायचा. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "साहेब, थंडी गेली. उभा आहे?" मी म्हणायचो, "उभा आहे." "बरं." फोन बंद. मला तो टोमणा वाटायचा. दिवसभर माझं डोकं तापलेलं असायचं. तुम्ही घरी बसून प्रत्येक हिवाळा त्या पुलाबरोबर काढत होतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ज्याची सही होती तो निवांत झोपत होता.

यंदाच्या फेब्रुवारीत तुमचा आवाज ओढत होता. मागे कोणीतरी औषधाबद्दल बोलत होतं. "थंडी गेली. उभा आहे?" मी म्हणालो, "भाऊ, तब्येतीकडे बघा आता. पुलाचं काय घेऊन बसलात?" तुम्ही म्हणालात, "बरं साहेब." आपलं शेवटचं बोलणं ते. मी त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. तुमचं बरोबर होतं. चार शब्दही नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो आणि मागच्या खोलीतली रॅक उपसायला घेतली. जुने नमुने मुदत संपली की भंगारात जातात. पण सर्वांत खालच्या फळीवर, भिंतीला लावून, त्या वेल्डच्या प्लेटचा उरलेला तुकडा होता. त्यावर पांढऱ्या रंगात तुमचं अक्षर: 'ठेवणे. शां. मो.' आठ वर्षांत रॅक दोनदा रिकामी झाली होती, पण तुम्ही 'ठेवणे' लिहिलेलं हलवायची कोणाची छाती झाली नाही. त्याला तारेने प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. आत चारही तुकड्यांचे आठ अर्धे, तेल लावून, कागदात गुंडाळून.

मी ते घासले, आम्ल लावलं. पहिला, दुसरा, चौथा: खाच वेल्डच्या पोटात. तिसरा: खाच काठावर, जिथे असायला हवी बरोबर तिथे. सांगितलेला चहा यायच्या आत हे बघून झालं होतं.

आता आपल्याकडे ते सावकाश वाकवणारं मशीन आहे. उरलेल्या प्लेटमधून पूर्ण जाडीचे तीन तुकडे निघाले. रेघा मी मारल्या, आम्ल पूर्ण उठल्यावर, भिंग लावून, आणि प्रत्येक रेघ दोघांना दाखवून. तडा पाडायला तीन दिवस गेले. पहिला तुकडा नीट वाकला. दुसरा वाकता वाकता आतून 'टक्' असा आवाज आला आणि पडद्यावरची रेषा खाली आपटली.

मशीनवर बसणारी रेश्मा दचकली. "सर, मापाची क्लिप निघाली का?"

"नाही. सगळं जागेवर आहे."

"मग काय वाजलं?"

"वेल्डच्या काठाला एक ठिसूळ पट्टी आहे. तडा तिथे पोचला आणि एकदम पुढे उडी मारून थांबला."

"म्हणजे वाईट ना?"

"वाईट."

तिसराही वाजला. मिळालेला आकडा मी रिपोर्टात दिलेल्या आकड्याच्या जवळपासही नव्हता. मग मी एक गोष्ट केली, जी तुम्हाला बहुतेक आवडणार नाही. त्याच जुन्या सूत्रात मी एकवीस घातला. निघालेला आकडा या नव्या परीक्षेच्या पुष्कळ जवळ आला, जरासा कमीच, म्हणजे सावधगिरीच्या बाजूने. तेव्हा भाऊ, सूत्रावरून आपलं अजूनही पटलेलं नाही. जिथे प्लेट कापून नेता येत नाही, जुना पूल आहे, हाताएवढाच तुकडा मिळतो, तिथे एका परीक्षेवरून दुसरीचा अंदाज करावाच लागतो, आणि सर्वांत कमी आकडा धरून केला तर तो माणसांचा जीव राखतो. सूत्र खोटं नव्हतं, मी त्याला खोटं खायला घातलं. यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला खरोखर ऐकायचं होतं. कागद उलटा करून ग्लास ठेवला असतात तरी चाललं असतं.

जुने मालक आता येत नाहीत, त्यांचा मुलगा बघतो. त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "सर, आठ वर्षं उभा आहे ना? मग कशाला उकरून काढताय?"

"सही माझी आहे."

"मग उत्तरंही तुम्हीच द्यायची. लॅबला मध्ये आणू नका."

मी रिपोर्ट मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं, नवे आकडे जोडले आणि कारखान्याला व पुलाच्या खात्याला पाठवलं. त्यात खाच कुठे पडली, रेघ कोणी मारली आणि कोणाची हरकत डावलली हेही लिहिलं.

मग प्रज्ञाकडे गेलो. ती बँकेतून नुकतीच आली होती. पर्सही खांद्यावरून उतरवली नव्हती. मी दारातल्या खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"म्हणजे फेब्रुवारीत तुम्हाला फोन करायचे? आम्हाला वाटायचं कुठल्यातरी मित्राला." मग ती म्हणाली, "काका, त्या वर्षी बाबा एकदा मला म्हणाले, माझे हात थरथरतात का गं, बघ जरा. मी नाही म्हटलं. तर पेला काठोकाठ भरून, हात लांब करून उभे राहिले. म्हणाले, नीट बघ, एक थेंब पडला तरी सांग. मला काही कळेना. मी हसले होते."

भाऊ, तोपर्यंत मला वाटत होतं की मी तुमचा अपमान केला. तुम्ही चिडलात, दुखावलात आणि अंतर ठेवलंत, एवढंच मी धरलं होतं. तुम्ही एका संध्याकाळी स्वतःच्या हातांवर शंका घेतलीत, हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांची खात्री माझ्या एका ओळीने हलली. खोलीत पेला धरून उभे असलेले तुम्ही मला दिसता.

मी काहीतरी बोलू लागलो तर प्रज्ञाने मला थांबवलं. "काका, माफीसाठी आला असाल तर मला ते आत्ता जमणार नाही. खोटं कशाला बोलू?"

"त्यासाठी नाही आलो."

"बरं. मग पहिल्या पानावरचं ते वाक्य राहू दे. छान आहे, पण ते नको. तुम्ही कागदावर बाबांचा हात खराब केलात ना? कागदावरच नीट करा. जे झालं ते सगळं लिहा, मी छापते. आणि हुद्दा लिहा खाली. तो पाहिजेच."

म्हणून भाऊ, सगळ्यांसमोर लिहितो. नमुना क्रमांक तीन: रेघ शांताराम मोहिते यांनी मारलेली. नॉच योग्य जागी. मशिनिंगमध्ये कोणताही दोष नाही. मूल्य ग्राह्य. पूर्वीचा शेरा मी खोटा लिहिला होता.

काल खात्याचं उत्तर आलं. पुलावरून जड वाहनं बंद केली आहेत. मंगळवारी माणसं खालून मचाण बांधून तो जोड तपासणार आहेत आणि त्यांनी मलाही बोलावलं आहे. तडा सापडेल की नाही, मला माहीत नाही. न सापडो. तिथे कोणीतरी विचारेल, या जोडाची शंका पहिल्यांदा कोणाला आली. मी तुमचं नाव सांगेन. मग विचारतील, तेव्हाच का नाही कळवलं. तेव्हा माझं सांगेन.

सुहास
तांत्रिक व्यवस्थापक